धूळ आणि ओरखडा

टहरौलीत घड्याळाच्या पोटातला फोटो काढायचा तर पहाटे चारला उठावं लागतं. सातच्या सुमाराला समोरची पिठाची गिरणी सुरू होते आणि तिचा थरथराट जमिनीतून, भिंतीतून, टेबलाच्या पायांतून चढत थेट चित्रात उतरतो. नऊनंतर ट्रॅक्टर. मार्च-एप्रिलात थ्रेशर, मे-जूनमध्ये लूचा गरम वारा, आणि धूळ बाराही महिने. पहाटे तेवढी ती खाली बसलेली असते. पंखा बंद करायचा, खिडक्या लावायच्या, फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि दहा मिनिटं काहीही न करता बसून राहायचं. आपण हललो की हवा हलते, हवा हलली की धूळ उठते. ती दहा मिनिटं मला आता आवडायला लागली आहेत.

मी इथे शाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा झाशीचा. नेवाळकर राजघराण्याच्या काळात जी मराठी घराणी झाशीत येऊन राहिली आणि १८५७ नंतरही तिथेच तग धरून राहिली, त्यांतलं आमचं एक. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये राणीचं लग्न लागलं, तिथल्या गणेशोत्सवात माझं लहानपण गेलं. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की बुंदेली. बुंदेलीत हाक मारताना, विचारताना ‘काए’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की आमचंच ‘काय’ गल्लीत जाऊन जरा मऊ झालं आहे. झाशीहून टहरौली बसने दीड-दोन तासांवर. आठवडाभर इथे खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी जातो. संध्याकाळी इथे करण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ सोबत होतं. सुरुवात तिथून झाली.

सामान मोजकं आहे. क्रॉप सेन्सरचा जुना कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, आणि तिच्यामागे बसवायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब. पन्नासच्या लेन्समागे पन्नास मिलिमीटरची नळी लावली की वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी उमटते, एकास एक. आणखी आत शिरायचं असेल तर २८ मिलिमीटरची लेन्स उलटी बसवतो आणि तिच्यामागे नळ्या जोडतो. मग चित्र तिपटीपर्यंत जातं. या सगळ्याखाली एक दगडी पटिया आहे. आमच्याकडे छपरांना आणि ओट्यांना वापरतात तसलीच, एका पडक्या घराजवळून आणलेली. कॅमेरा आणि घड्याळ दोन्ही त्या एकाच पटियावर, आणि पटियाखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब. थरथर आलीच तर ट्यूब ती बरीचशी गिळते, आणि उरलेल्या थरथरीत कॅमेरा आणि घड्याळ बरोबरीने हलतात, एकमेकांच्या तुलनेत स्थिर राहतात. एकास एक आकारात घड्याळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं सरकलं तरी सेन्सरवर दोन-तीन पिक्सेल पुसट होतात. तिप्पट आकारात तो दोष तिप्पट.

यानंतर धूळ. पहिली वीस-पंचवीस मिनिटं तिच्यातच जातात. रबरी फुंकणीने उडवायची, मऊ कुंचल्याने लोटायची, आणि तरीही चिकटून राहिली तर घड्याळवाले वापरतात त्या हिरव्या लगद्याचं टोक टेकवून उचलायची. तोंडाने फुंकायचं नाही. श्वासातला दमटपणा पोलादावर बसतो. इतक्या वर्षांत मला धुळीची जात ओळखता येऊ लागली आहे. बनियनच्या सुताचा धागा वळवळीत आणि निळसर दिसतो. गव्हाच्या कुसळाचा तुकडा नांगराच्या फाळासारखा. आणि या भागात दगड फोडणारे क्रशर आहेत, त्यांच्याकडून येणारा गारेचा कण प्रकाश पडला की काचेच्या चुऱ्यासारखा चमकतो. तो सगळ्यात वाईट. घड्याळाच्या तेलात गेला तर कानशीसारखं काम करतो.

नवख्या माणसाला वाटतं की मॅक्रो म्हणजे वस्तू मोठी करणं. मोठी करणं सोपं आहे, अवघड जातं ते खोलीचं गणित. एकास एक आकारात, लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं तर जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा थर स्पष्ट दिसतो. तिप्पट आकारात एफ ५.६ ला हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येतो, वहीच्या एका कागदाएवढा. स्क्रूचं डोकं स्पष्ट असेल तर त्याची खाच धूसर, खाच पकडली तर डोकं गेलं. छिद्र बारीक करून थर जाड करता येतो, पण तिथेही अडचण आहे. लेन्स पुढे सरकली की छिद्राचा खरा आकडा वाढतो. तिप्पट आकारात कॅमेऱ्यावर एफ १६ असलं तरी प्रकाशाच्या लेखी ते एफ ६४ असतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश कडांना वळसा घालून पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणजे एका जागी नीट दिसेल किंवा सगळीकडे अर्धवट दिसेल.

यावर उपाय म्हणजे एकावर एक थर रचणं. सरकत्या रेलवर कॅमेरा बसवायचा, मिलिमीटरचा विसावा भाग पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. दोन मिलिमीटर खोलीसाठी चाळीस फोटो. नंतर संगणक प्रत्येक फोटोतला स्पष्ट थर उचलतो आणि सगळे जोडून एक चित्र करतो. त्या चित्रात वरपासून तळापर्यंत सारं लखलखीत दिसतं. असं चित्र कोणत्याही डोळ्याने, कोणत्याही भिंगातून कधी पाहिलेलं नसतं. पहिल्यांदा ते पडद्यावर जुळून आलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो.

पण थर रचायचे तर घड्याळ थांबलेलं लागतं. चालू घड्याळात बॅलन्स चाक सारखं झुलत असतं, चाळीस फोटोंत ते चाळीस जागी सापडेल. म्हणून चावी उतरू द्यायची, ठोका बंद होऊ द्यायचा, मग काम सुरू करायचं. चालत्या घड्याळाचा फोटो एकाच क्लिकमध्ये मिळतो, फ्लॅशच्या उजेडात, कागदाएवढ्या एका थरात. मी दोन्ही प्रकार करतो. कोणता खरा, हा प्रश्न मला अनेक वर्षं सुटला नव्हता. त्याला जे उत्तर मिळालं ते कॅमेऱ्यातून आलं नाही. ते बाजारातून आलं.

तहसिलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घडीसाजाची टपरी आहे. मी त्यांना चच्चा म्हणतो, ते मला मास्साब. काचेची पेटी, वर एक वाकवता येणारा दिवा, आणि पेटीत बोट ठेवायला जागा नाही इतकी घड्याळं. आता तिथे येणारं बहुतेक काम सेल बदलण्याचं आणि पट्टे घालण्याचं. पण चावीचं घड्याळ हातात आलं की चच्चांचे खांदे खाली येतात, श्वास हळू होतो. हा फरक मी अनेकदा पाहिला आहे. त्यांनी मला त्यांच्याकडचं जुनं स्विस खिशातलं घड्याळ फोटोसाठी दिलं होतं. आतले स्क्रू निळे. हा निळेपणा रंगाचा नसतो. पोलाद तापवत सुमारे तीनशे अंशांपर्यंत नेलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्याच्या जाडीमुळे परतणाऱ्या प्रकाशातला निळा उठून दिसतो. थोडं कमी तापलं तर जांभळा, जास्त तापलं तर फिकट राखाडी. कारागिराने नेमक्या क्षणी आचेवरून काढलेला तो रंग असतो.

त्या घड्याळाचे मी अठ्ठेचाळीस थर रचले. चित्र झालं, आणि मग मी ते साफ करायला बसलो. संगणकावर आधी धुळीचे कण काढले. त्यानंतर, धूळ काढता काढता, कुठे थांबायचं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. एका स्क्रूच्या खाचेची कड निळी उरली नव्हती, पांढरं पोलाद उघडं पडलं होतं. तिथे मी निळा भरला. पुलावर चिमटा घसरल्याची एक तिरकी रेघ होती, ती मिटवली. चाकाच्या आऱ्यावरचा डाग, खड्याभोवतीची खरवड, सगळं. तीन रात्री गेल्या. झाशीत जाऊन मोठी प्रत छापून घेतली, फ्रेम केली आणि चच्चांना नेऊन दिली.

त्यांनी फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि फोटोवर वाकून तो घड्याळासारखाच पाहिला. एका कोपऱ्यापासून सुरू करून, सावकाश. मग म्हणाले, “बहुत नोनी है, मास्साब. पै जा हमाई नइयाँ.”

फार छान आहे, पण हे माझं घड्याळ नव्हे.

मला वाटलं त्यांचा काही गैरसमज झाला. त्यांनी पेटीतून तेच घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याच्या टोकाने मला एकेक जागा दाखवली. ही तिरकी रेघ त्यांचीच होती, शिकाऊ असतानाची; उस्तादांनी त्या दिवशी त्यांना दुसरं काहीही करू दिलं नव्हतं, दिवसभर फक्त चिमटा उघडायला आणि मिटायला लावला होता. स्क्रूच्या खाचेचं नुकसान त्यांच्याही आधीच्या कुणाचं तरी. खाचेपेक्षा रुंद पेचकस वापरला की कड अशी उलते. आणि खड्याजवळची खरवड ही कुणीतरी हा खडा एकदा काढून पुन्हा बसवल्याची खूण. “जो निसान हमाओ आय,” ते त्या रेघेवर टोक टेकवून म्हणाले. माझ्या चित्रात ती जागा गुळगुळीत, चकचकीत होती. घड्याळ स्वच्छ करता करता ज्यांनी ज्यांनी ते उघडलं होतं त्या सगळ्यांना मी बाहेर काढलं होतं, आणि त्यांतला एक माझ्यासमोर बसला होता.

फ्रेम त्यांनी ठेवून घेतली, परत दिली नाही. मी मात्र परत आलो आणि मूळचे अठ्ठेचाळीस फोटो पुन्हा काढून बसलो.

त्या रात्री अण्णांची आठवण आली. माझे वडील झाशीच्या रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. वॅगनच्या आसाच्या टोकावर पितळी बेअरिंग बसायची, आतून पांढऱ्या मऊ धातूचा थर दिलेली. वापरून काढलेली एखादी ते कधी हातात घेऊन आम्हाला दाखवायचे. चमक सगळीकडे सारखी असेल तर आस सरळ चालला. एकाच कडेला चमकत असेल तर भार तिरका पडत होता, आणि ती गाडी काही दिवसांत आस तापून वाटेत अडली असती. अण्णा तेल पुसायचे, काजळी पुसायचे, पण चमकलेल्या जागेवर कानस फिरवण्याआधी ती नीट बघून घ्यायचे. “झीज आधी वाचायची,” ते म्हणायचे. मी हे शंभरदा ऐकलं असेल. माझ्या स्वतःच्या कामाशी त्याचा संबंध आहे हे कळायला मात्र चच्चांची टपरी लागली.

धूळ हवेतून येते. ती आज इथे बसली, उद्या दुसरीकडे बसेल. या वस्तूशी तिचं काही नातं नाही. ओरखडा हाताने येतो, किंवा वर्षानुवर्षांच्या घासण्याने येतो, आणि तो त्या एकाच वस्तूचा असतो. तेव्हापासून मी धूळ काढतो आणि ओरखडा ठेवतो. म्हणायला दोन शब्द आहेत, पण पडद्यावर चारशे टक्के मोठं करून बसलं की दोन्ही पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसतात, आणि दर ठिपक्यापाशी थांबून ठरवावं लागतं. मला एक खूण सापडली आहे. दिव्याची जागा बदलून दुसरा फोटो घ्यायचा. धुळीचा कण कुठूनही प्रकाश आला तरी कणच राहतो, फक्त त्याची सावली बाजू बदलते. ओरखडा मात्र एका दिशेच्या उजेडात पेटतो आणि दुसऱ्या दिशेच्या उजेडात पार नाहीसा होतो.

घासलेल्या धातूचा फोटो काढणं म्हणजे खरं तर आरशाचा फोटो काढणं. पोलादाचं स्वतःचं म्हणावं असं रूप फार थोडं असतं, ते समोर असेल ते दाखवतं. पांढरा कागद धरला तर पांढरं, काळा पुठ्ठा धरला तर काळं. म्हणून माझा बराच वेळ कॅमेऱ्यामागे जात नाही, तो दिव्याभोवती जातो. आइसक्रीमच्या पांढऱ्या कपाचा तळ कापून तो घड्याळावर उपडा ठेवायचा आणि बाहेरून उजेड द्यायचा, म्हणजे सगळीकडून सारखा, दुधासारखा प्रकाश येतो. त्यात घड्याळ सुंदर दिसतं आणि ओरखडे लपतात. लग्नातल्या फोटोसारखं. ओरखडा वाचायचा तर कप काढून टाकायचा आणि एकच बारीक दिवा धातूला जवळजवळ टेकवून, अगदी आडवा धरायचा. नोव्हेंबरात गहू पेरायच्या आधी इथली शेतं नांगरलेली असतात. दुपारी ती सपाट, एकरंगी दिसतात. सूर्य मावळतीला टेकला की त्याच शेतात प्रत्येक तास वेगळा होतो, ढेकूळन् ढेकूळ सावली टाकतं. तोच उजेड मी घड्याळावर आणतो.

भिंगाखाली माणसाच्या वस्तू पाहणारा मी काही पहिला नाही. रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ चा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींची त्यात मोठमोठी चित्रं आहेत आणि लोकांना आठवते ती पिसूची. पण ग्रंथाची सुरुवात जिवंत प्राण्याने होत नाही, सुईच्या टोकाने होते. नंतर वस्तऱ्याची धार. माणसाने बनवलेल्या सगळ्यात टोकदार आणि सगळ्यात धारदार अशा या वस्तू. भिंगाखाली सुईचं टोक बोथट, खाचाखळग्यांचं निघालं. सुईबरोबर त्याने छापलेला पूर्णविरामही पाहिला, तर तो गोल ठिपका नव्हताच, शाईचा वेडावाकडा डाग होता. याच हूकचं नाव घड्याळाच्या बाल-कमानीशीही जोडलेलं आहे. कमानीने बॅलन्स चाकाला लय देण्याची कल्पना पहिली कुणाची, यावरून १६७५ मध्ये त्याचा आणि शास्त्रज्ञ हायगेन्सचा वाद झाला. निसर्ग जवळून पाहिला की अधिक नीटस दिसतो आणि माणसाची वस्तू जवळून पाहिली की ओबडधोबड, असं हूकच्या चित्रांवरून वाटतं. मला त्यात ओबडधोबडपणापेक्षा हात जास्त दिसतो. सुईचं टोक कुणीतरी दगडावर घासलं होतं, आणि ते घासणं तिथे उरलं होतं.

छापलेल्या ठिपक्यावरून तहसिलीसमोरची टाइपरायटरं आठवली. अर्ज लिहून देणाऱ्यांच्या ओळीत अजून हिंदी टाइपरायटर दिसतो. संगणक आणि प्रिंटर शेजारच्या दुकानात आहेत तरी. अशा एका टंकलेखकाने मला रविवारी आपलं यंत्र फोटोसाठी दिलं. टाइपरायटरच्या प्रत्येक दांडीच्या टोकाला एक खिळा असतो, त्यावर एकाखाली एक अशी दोन अक्षरं, उलटी कोरलेली. मी ओळीने सगळ्या खिळ्यांचे फोटो काढले. बंद पोटाच्या अक्षरांत, म्हणजे व, ब, ष यांच्या गाठींत, रिबिनीच्या धाग्यांचा आणि शाईचा बोळा बसला होता. तो मी टाचणीने काढला, ती धूळच. मग कान्याचा खिळा आला. बाकीच्या अक्षरांच्या कडा अजून उभ्या होत्या, कान्याची उभी रेघ मात्र वरच्या बाजूला सपाट होऊन पसरली होती, बसून बसून झिजलेल्या पायरीसारखी.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. हिंदी यंत्रात ख, घ, थ, ध, भ, श, ष अशी कितीतरी अक्षरं पूर्ण नसतात. कळ अर्ध्या अक्षराची असते आणि पुढे काना मारून ते पुरं करायचं. ‘भाषा’ लिहायचं तर काना चारदा मारावा लागतो. दोन काने बाराखडीचे आणि दोन अक्षरं उभी करायला. आयुष्यभर जमिनीच्या वाटण्या, वारसाच्या नोंदी, विजेच्या तक्रारी टंकलेल्या त्या यंत्रात सगळ्यात जास्त श्रम त्या एका उभ्या रेघेने केले होते. टंकलेखकाला फोटो दाखवला तर त्यांनी काना कळफलकावर न बघता बोटाने शोधला. बोटाला ठाऊक होतं.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला त्याचं उत्पादन थांबलं. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर हे खिळे बदलले जाणार नाहीत, झिजतच जातील. अशाच झिजेपायी पुण्याच्या राजा केळकर वस्तुसंग्रहालयात मी एकदा जुन्या कुलपांसमोर बराच वेळ उभा होतो. काचेमागून फोटो नीट येत नव्हता, पण एक गोष्ट डोळ्यांना दिसली. किल्लीच्या भोकाभोवतीचं पितळ कसं घासलं गेलं होतं ते. अंधारात किल्ली घालताना माणूस आधी भोवताली चाचपडतो. दिनकर केळकरांनी ही कुलपं जमवली तेव्हा त्यांनी ती पॉलिश करून चकाचक करून टाकली नाहीत, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

सगळेच असा संयम ठेवत नाहीत. एचएमटीची घड्याळं आज पुन्हा लोक हौसेने घेतात. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरच्या कारखान्यातून १९६१ मध्ये ती बाहेर पडू लागली. ‘देश की धड़कन’ हे त्यांचं वाक्य आमच्या पिढीला पाठ आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि तेव्हापासून जुन्या घड्याळांची मागणी वाढत गेली. त्या मागणीपायी जुन्या, डागाळलेल्या तबकड्या पुसून त्यांवर नवा रंग आणि नवी अक्षरं चढवलेली घड्याळं बाजारात भरपूर येतात. ऑनलाइन घेतलेलं असं एक घड्याळ एका सहकाऱ्याने मला आणून दाखवलं. विकणाऱ्याने ‘कारखान्यातून निघालं तसं’ म्हणून विकलं होतं. नुसत्या डोळ्यांना नवं कोरं. आडव्या उजेडात फोटो काढला तर तबकडीवर एक लांब ओरखडा दिसला, आणि तो अक्षरांच्या खालून गेला होता. एका बाजूने येऊन अक्षराच्या रंगाखाली शिरत होता आणि पलीकडे बाहेर पडत होता. म्हणजे ओरखडा आधीचा, अक्षरं नंतरची. ज्याने रंग चढवला त्याने तबकडीचा भूतकाळ झाकला, पण त्या एका रेघेचा खोलपणा त्याला भरून काढता आला नाही. सहकाऱ्याला वाईट वाटलं. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि त्या पुसलेल्या तबकडीसाठी जास्त.

आता अण्णांचं घड्याळ. एचएमटी जनता, तबकडीवर ‘जनता’ देवनागरीत. सतरा खडे, हाताने चावी द्यायची, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. अण्णा जाईपर्यंत रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी त्याला चावी द्यायचे. नंतर घड्याळ कपाटात पडून बंद झालं. चच्चांनी उघडून, धुऊन, तेल घालून ते पुन्हा चालू केलं. तेल म्हणजे खड्याच्या वाटीत सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. जास्त झालं तर ते पसरून निघून जातं आणि आस कोरडा पडतो. चालू झाल्यावर मी त्याचा एकाच क्लिकचा फोटो काढला, थर न रचता. त्यात बॅलन्स चाकाची कड तेवढी स्पष्ट आहे, बाकी सगळं धुक्यात. हे चित्र मला थर रचलेल्या चित्रांपेक्षा प्रिय आहे. त्या क्षणी ते चालत होतं, आणि ते चालत असल्यानेच बाकीचं दिसलं नाही.

त्याच वेळी चच्चांनी मागचं झाकण माझ्या हातात दिलं. “अंदर देखो.” आतली बाजू नुसत्या डोळ्यांना साधी, मळकट पोलादी. दुरुस्ती केली की घडीसाज झाकणाच्या आत टोकदार सुईने बारीक खूण करून ठेवतात, तारीख, आद्याक्षर किंवा एखादं चिन्ह, म्हणजे घड्याळ पुन्हा आलं तर आपण ते कधी उघडलं होतं हे कळावं. ही चाल जगभर आहे. मी झाकण पटियावर ठेवलं, दिवा आडवा केला आणि आतलं शेत उजळलं. चार खुणा होत्या. एक नुसता आकडा. एक इंग्रजी आर आणि त्यापुढे ७९. एक उर्दूत काही, इतकं बारीक की तिपटीला नेल्यावरच नुक्ते वेगळे झाले. आणि एक लहानसा त्रिकोण, ज्याच्या एका कोनातून शेपटी निघाली होती.

मी फोटो फोनवर घेऊन टपरीवर गेलो. त्रिकोणापाशी चच्चा थांबले. दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. ती त्यांच्या उस्तादांची खूण होती. झाशीत माणिक चौकाजवळ त्यांची बसायची जागा होती, आणि तिथेच चच्चांनी तो पहिला चिमटा दिवसभर उघडला-मिटला होता. अण्णांनी घड्याळ तिथे दिलेलं असणार. कारखान्यातून घरी येण्याची त्यांची वाट तीच. आम्ही दोघं काही वेळ बोललो नाही. मग मी विचारलं, तुम्ही तुमची खूण का नाही केली?

“तुमसे पूछो नईं तो,” ते म्हणाले. तुम्हाला विचारलं नव्हतं ना.

मी झाकण परत त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी सुई घेतली, त्रिकोणाच्या खाली, थोडी जागा सोडून, उस्तादांच्या खुणेला स्पर्श होणार नाही अशी दोन अक्षरं आणि वर्ष कोरलं. एवढं करायला त्यांना बराच वेळ लागला. ७९ च्या आणि त्रिकोणाच्या कडा मळून बसल्या होत्या; नव्या रेघेच्या दोन्ही काठांवर धातू वर उचलला गेला होता आणि अजून कच्चा, पांढरा चमकत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्याचा फोटो घेतला. फ्रेम लावून झाल्यावर पाहिलं तर नव्या अक्षराच्या शेवटी गारेचा एक कण येऊन बसला होता. फुंकणीने उडवला आणि पुन्हा दहा मिनिटं थांबलो.